नाव डॅन्यूबकाठी, भाषा व्होल्गाकाठी

सन ८६६च्या उन्हाळ्यात बल्गारांचे वकील रोमला पोहोचले. त्यांचा राजा बोरिस याने नुकताच बाप्तिस्मा घेतला होता, आणि नव्या धर्मात काय चालतं, काय चालत नाही, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्याचं मूळ पत्र हरवलं. पण पोप निकोलस पहिला याने दिलेली १०६ कलमी उत्तरं शिल्लक आहेत. उत्तरांवरून प्रश्न ओळखता येतात. आमचे लोक विजार घालतात, ते पाप आहे का? डोक्याला फडकं गुंडाळून देवळात आलं तर चालेल का? लढाईत निशाण म्हणून घोड्याचं शेपूट नेतो, आता काय न्यायचं? बुधवारी आणि शुक्रवारी अंघोळ करावी की नाही? राजा एकटाच जेवतो, पंक्तीला राणीलाही बसू देत नाही, हे बरोबर का? शपथ तलवारीवर घ्यायची की आणखी कशावर?

पोपने विजारीचा विषय हसण्यावारी नेल्यासारखा मिटवला. घाला नाहीतर घालू नका, धर्माचं त्यात काही अडत नाही, असा त्याचा सूर होता. शेपटाऐवजी क्रूस न्या, शपथ बायबलवर घ्या, देवळात डोकं उघडं ठेवा, असं त्याने सांगितलं. राजाच्या एकट्या जेवणाबद्दल मात्र हुकूम न सोडता समजूत घातली.

या प्रश्नांमागे जो समाज दिसतो तो घोड्यावर वाढलेला आहे. पण बोरिसच्या राज्यातली बहुसंख्य रयत नांगर धरणारी, स्लाव भाषा बोलणारी होती. मग विजार घालणारे, एकट्याने जेवणारे, घोड्याचं शेपूट मिरवणारे हे बल्गार होते तरी कोण? आजच्या बल्गेरियाला ज्यांनी नाव दिलं त्यांची भाषा त्या देशात कुणी बोलत नाही, आणि त्यांच्या भाषेची जी एकच लेक जगात उरली आहे तिला बल्गार म्हणत नाहीत. दीडशे वर्षं इतिहासकार याच कोड्याभोवती फिरत आहेत.

नावापासूनच सुरुवात करू. सन ४८०च्या सुमारास बायझंटाइन सम्राट झेनो याने ऑस्ट्रोगॉथांशी लढायला बल्गारांची मदत मागितली, आणि त्यानंतर हे नाव खात्रीलायकपणे कागदपत्रांत येऊ लागतं. बहुतेक अभ्यासक ते तुर्की ‘बुल्गा’ या धातूशी जोडतात. अर्थ ढवळणं, कालवणं. त्यावरून बल्गार म्हणजे मिसळलेले लोक, असं काही म्हणतात. शांत पाणी ढवळून काढणारे, म्हणजे बंडखोर, असं इतर म्हणतात. मराठीत ‘ढवळाढवळ’ या शब्दात हाच अर्थ आहे, तेव्हा आपल्याला हे चटकन पटावं. गवताळ प्रदेशातल्या टोळ्यांची नावं अशी असत. ती रक्ताची नसून राजकारणाची असत. एखादा सरदार मोठा झाला की शेजारच्या दहा टोळ्या त्याचं नाव लावत, आणि तो पडला की दुसऱ्याचं.

त्यापूर्वीची हालचाल ग्रीक लेखक प्रिस्कस याने टिपली आहे. सन ४६३च्या आसपास सारागुर, उरोग आणि ओनोगुर या टोळ्यांचे वकील कॉन्स्टँटिनोपलला आले. पूर्वेकडून साबिरांनी त्यांना ढकललं होतं, साबिरांना अवारांनी. एकाने दुसऱ्याला रेटावं, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ती रेटारेटी होती. यातलं ‘ओनोगुर’ हे नाव लक्षात ठेवायला हवं. ‘ओन ओगुर’ म्हणजे दहा ओगुर. पुढे बल्गारांना ‘ओनोगुर-बल्गार’ असंही म्हणत, आणि ‘हंगेरी’ हे नावही याच शब्दातून आलं.

याच प्रिस्कसने ४४९ साली हूण राजा अटिलाच्या घरी मेजवानी पाहिली होती. विदूषकांच्या खेळावर सगळे हसत होते, अटिला मात्र दगडासारखा बसला होता. धाकटा मुलगा एर्नाक जवळ आला तेव्हाच त्याचा चेहरा निवळला आणि त्याने पोराचा गाल ओढला. शेजारी बसलेल्या एका माणसाने प्रिस्कसच्या कानात सांगितलं, की घराणं बुडेल पण या मुलामुळे पुन्हा वर येईल, असं भविष्य भगतांनी सांगितलंय. चार वर्षांनी अटिला मेला आणि हूणांचं राज्य विस्कटलं. पण एर्नाकचं नाव तिथेच संपत नाही. ते पुढे एका विचित्र यादीत भेटतं.

हूणांच्या पश्चात काळ्या समुद्राच्या उत्तरेला कुत्रिगुर आणि उतिगुर या दोन टोळ्या नांदत होत्या. बल्गारांचं त्यांच्याशी नातं आहे, असं सर्वसाधारणपणे मानतात. कुत्रिगुर बायझंटाइन मुलखात लूटमार करत, म्हणून सम्राट जस्टिनियनने उतिगुरांचा प्रमुख संदिल्ख याला त्यांच्यावर सोडायचा डाव टाकला. मेनांडर या इतिहासकाराने संदिल्खचं उत्तर नोंदवलं आहे. त्याचा आशय असा: ते आमचीच भाषा बोलतात, आमच्यासारखेच तंबूत राहतात, आमचाच पेहराव करतात, दुसऱ्या सरदाराखाली असले तरी आमचे भाऊबंद आहेत, त्यांचा समूळ नाश करणं हे पाप होईल. मात्र त्यांचे घोडे काढून घेतो, म्हणजे तुम्हाला त्रास देणार नाहीत. टोळीच्या माणसाच्या तोंडून ‘आपलं कोण’ याची इतकी नेमकी व्याख्या त्या काळात क्वचित सापडते. भाषा, तंबू, पेहराव आणि नातं. अर्थात पुढे दोन्ही भाऊबंद एकमेकांवर तुटून पडलेच, आणि जस्टिनियनला हवं होतं ते झालं.

सातव्या शतकात या टोळ्यांना एक धनी मिळाला. त्याचं नाव कुब्रात. सन ६३५च्या सुमारास त्याने अवारांचं जोखड झुगारलं, बायझंटाइन सम्राट हेराक्लियसशी तह केला आणि ‘पॅट्रिशियन’ हा मानाचा किताब मिळवला. अझोव समुद्र आणि कुबान नदीच्या आसपासच्या त्याच्या राज्याला बायझंटाइन लेखक ‘जुना मोठा बल्गेरिया’ म्हणतात. १९१२ साली युक्रेनमधल्या पोल्टावाजवळ माला पेरेश्चेपिना या खेड्यात वाळूत पुरलेला खजिना सापडला. वीस किलोहून अधिक सोनं, त्याहून कितीतरी जास्त चांदी. त्यात इराणी ससानी राजाचं चित्र कोरलेलं ताट होतं, एका ख्रिस्ती बिशपचं चांदीचं पात्र होतं, गवताळ प्रदेशातल्या सरदाराला शोभेल असा सोन्याचा कमरपट्टा आणि तलवार होती. अंगठ्यांवर ग्रीक अक्षरांची गुंफण होती. ती पुढे ‘कुब्रात’ आणि ‘कुब्रात पॅट्रिशियन’ अशी वाचली गेली, आणि बऱ्याच अभ्यासकांनी ही कुब्रातचीच कबर मानली. एकाच कबरीत इराण, कॉन्स्टँटिनोपल आणि गवताळ मैदान. आज हा ऐवज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

कुब्रातच्या मृत्यूनंतरची हकीकत थिओफानिस आणि निकिफोरस या दोन बायझंटाइन इतिहासकारांनी सांगितली आहे. पाच मुलांना त्याने बजावलं, एकमेकांना सोडू नका. बल्गेरियातली शाळकरी मुलं या गोष्टीत काठ्यांची मोळीही ऐकतात: एकेक काठी मोडते, मोळी मोडत नाही. ती मोळी मात्र मूळची प्लुटार्कने सांगितलेली, सिथियन राजा स्किलुरसची. कुब्रातच्या अंगावर ती नंतर चढवलेली आहे. मुलांनी बापाचं ऐकलं नाही, पूर्वेकडून खझार चालून आले, आणि पाचजण पाच दिशांना गेले.

थोरला बतबायान जागीच राहिला आणि खझारांचा मांडलिक झाला. दुसऱ्या मुलाच्या, कोत्रागच्या, लोकांचा माग पुढे व्होल्गा आणि कामा नद्यांच्या संगमापर्यंत लावला जातो. तिसरा अस्पारुख डॅन्यूबच्या मुखाशी आला. चौथा पॅनोनियात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या बाजूला, अवारांच्या आश्रयाला गेला. पाचवा इटलीत. थिओफानिसने सगळं एका कुटुंबाच्या गोष्टीत बसवलं असलं, तरी विखुरलेल्या बल्गारांची साक्ष इतर ठिकाणांहूनही मिळते.

त्यातली एक साक्ष अंगावर काटा आणते, आणि ती कुब्रातच्या मृत्यूआधीची आहे. सन ६३०च्या सुमारास अवारांशी झालेल्या भांडणात हरलेले ९००० बल्गार बायकापोरांसह फ्रँक राजा डॅगोबर्टकडे आसऱ्याला आले. राजाने त्यांना हिवाळ्यापुरतं बव्हेरियातल्या घराघरांत वाटून दिलं, आणि मग यजमानांना गुप्त हुकूम पाठवला. एका रात्रीत त्यांची कत्तल झाली. फ्रेडेगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीनुसार अल्त्सिओक या सरदाराबरोबर जेमतेम ७०० माणसं निसटली.

इटलीची हकीकत तुलनेने सुखाची आहे. अल्झेको नावाचा बल्गार सरदार आपली फौज घेऊन लोम्बार्ड राजाकडे आला, तेव्हा त्याला सेपिनो, बोयानो, इसेर्निया हा ओसाड पडलेला मुलूख वसवायला मिळाला. आठव्या शतकाच्या अखेरीस इतिहासकार पॉल द डीकन लिहितो, की हे लोक लॅटिनही बोलतात, पण त्यांनी आपली भाषा सोडलेली नाही. म्हणजे शंभरावर वर्षं ती घरात टिकली होती. मोलिझे प्रांतातल्या कांपोकियारो इथे १९८०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा माणसाशेजारी घोडा पुरलेल्या कबरी निघाल्या. पुढे मात्र तिथे भाषाही गेली आणि नावही.

अस्पारुखचं नशीब सगळ्यांत थोर. सन ६८० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन चौथा त्याच्यावर सैन्य आणि आरमार घेऊन चालून आला. बल्गार डॅन्यूबच्या मुखाजवळच्या दलदलीत दडून बसले होते. इतक्यात सम्राटाची संधिवाताची दुखणी बळावली आणि अंघोळीच्या उपचारांसाठी तो पाच जहाजं घेऊन मेसेम्ब्रियाला निघून गेला. घोडदळात बातमी पसरली, सम्राट पळाला! फौज उधळली, बल्गारांनी पाठलाग केला, नदी ओलांडली आणि वार्नापर्यंतचा मुलूख घेतला. पुढच्या वर्षी सम्राटाला दरसाल खंडणी देण्याचा तह करावा लागला. बल्गेरिया आपला जन्म याच ६८१ सालापासून मोजतो.

आता त्या विचित्र यादीकडे येऊ. १८६१ साली रशियन अभ्यासक अलेक्सांद्र पोपोव याला जुन्या रशियन बखरींच्या हस्तलिखितांत एक छोटा मजकूर सापडला. तो आहे बल्गार राजांची नामावळी. पहिला अवितोखोल, तो ३०० वर्षं जगला, कुळ दुलो. मग इर्निक, १५० वर्षं, कुळ दुलो. मग गोस्तुन, कुर्त, बेझमेर. या पाचांनी डॅन्यूबपलीकडे ५१५ वर्षं राज्य केलं, डोकी भादरून. मग इस्पेरिख अलीकडे आला. इस्पेरिख म्हणजे अस्पारुख आणि कुर्त म्हणजे कुब्रात, हे उघड आहे. इर्निक म्हणजे प्रिस्कसने पाहिलेला तो गाल ओढलेला एर्नाक, आणि अवितोखोल म्हणजे खुद्द अटिला, असं अनेकांचं मत. ते खरं असो वा नसो, बल्गार राजघराण्याला आपला वंश हूणांपर्यंत नेण्यात अभिमान वाटत होता, एवढं नक्की.

पण खरी गंमत प्रत्येक नावापुढच्या दोन शब्दांत होती. ‘दिलोम त्विरेम’, ‘शेगोर वेचेम’, ‘वेरेनी आलेम’. मजकूर स्लाव, हे शब्द मात्र कुठल्याच स्लाव भाषेत बसेनात. किल्ली मिळाली ती दगडात. पूर्व बल्गेरियातल्या चातालार या गावी बल्गार राजा खान ओमुर्ताग याचा ग्रीक शिलालेख सापडला. नदीकाठी बांधलेल्या वाड्याची नोंद करून शेवटी त्यात काळ दिला आहे, दोन पद्धतींनी: बल्गार गणनेने ‘सिगोर एलेम’, ग्रीक गणनेने पंधरावं इंडिक्शन. आपल्याकडच्या जुन्या शिलालेखांत शक आणि संवत्सराचं नाव शेजारी शेजारी येतं, तसंच हे. ग्रीक काळ इ. स. ८२१-२२ असा बसतो, आणि आशियातल्या बारा प्राण्यांच्या कालचक्रात ८२१ हे बैलाचं वर्ष. ‘सिगिर’ म्हणजे तुर्कीत गाईबैल. कुलूप उघडलं. फिनिश भाषाशास्त्रज्ञ मिक्कोला याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सगळी यादी या दृष्टीने लावून दाखवली. ‘दिलोम’ म्हणजे साप, ‘शेगोर’ म्हणजे बैल, ‘वेरेनी’ म्हणजे बहुतेक ड्रॅगन. आणि दुसरा शब्द महिन्याचा क्रमांक. ‘वेचेम’ म्हणजे तिसरा.

हे ‘वेचेम’ इस्तंबूलच्या तुर्की माणसाला कळणार नाही. तो तीनला ‘उच’ म्हणतो. पण व्होल्गाकाठच्या चुवाश माणसाला कळेल, कारण त्याच्या भाषेत तीन म्हणजे ‘विश्शे’ आणि तिसरा म्हणजे ‘विश्शेमेश’. चुवाश ही तुर्की कुटुंबातली सगळ्यांत दूरची शाखा. बाकीच्या तुर्की भाषांत जिथे ‘झ’ तिथे तिच्यात ‘र’, जिथे ‘श’ तिथे ‘ल’. नऊ हा आकडा इस्तंबूलमध्ये ‘दोकुझ’, चुवाशमध्ये ‘तख्खर’. हिवाळा तिकडे ‘किश’, इकडे ‘खेल’. ‘ओगुझ’ आणि ‘ओगुर’ ही नावंही याच नियमाची जोडी आहेत. व्होल्गाकाठच्या तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या अरबी लिपीतल्या थडग्यांवरही असाच ‘र’ दिसतो. शंभर म्हणजे तिथे ‘युझ’ नसून ‘जूर’ आहे. थडगी व्होल्गा बल्गारांची, नामावळी डॅन्यूबच्या बल्गारांची, दोघांची भाषा एकाच मुशीतली. बल्गार मूळचे ओगुर-तुर्की बोलत, हे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात ते या आधारावर. किताबही त्याच घरातले: खान ओमुर्तागच्या काळच्या शिलालेखांत ‘बागातुर’ भेटतो. तोच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘बहाद्दर’ होऊन आला.

पण भाषा ठरली म्हणजे कूळ ठरलं असं नाही. खुद्द अस्पारुखचं नाव तुर्की नाही, इराणी आहे. त्यातला ‘अस्प’ म्हणजे आपला ‘अश्व’. बल्गारांआधी त्याच मैदानात सार्मेशियन आणि अलान या इराणी भाषा बोलणाऱ्या टोळ्या शतकानुशतकं राहत होत्या. लहानपणीच डोकं बांधून कवटी लांबट करण्याची त्यांची रीत बल्गार कबरींतल्या कवट्यांवरही दिसते. सातव्या शतकातला आर्मेनियन भूगोल बल्गारांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या नद्यांच्या नावांनी ओळखतो. म्हणजे शेजाऱ्यांनाही ते एकजिनसी वाटत नव्हते. आणि ९२२ मध्ये बगदादहून व्होल्गाकाठी गेलेला इब्न फझलान बल्गारांच्या अल्मुश राजाला चक्क ‘सकालिबांचा’, म्हणजे स्लावांचा राजा म्हणतो! तिथल्या उन्हाळी रात्रीने त्याची केलेली फजिती त्याने प्रांजळपणे लिहिली आहे. राजाच्या बगदादी शिंप्याशी तंबूत गप्पा मारत तो रात्रीच्या नमाजाची वाट पाहत बसला. अजान ऐकून बाहेर आला तर पहाट झाली होती.

हा गुंता शास्त्राने सोडवायच्या आधी राजकारणाने आपल्या सोयीने सोडवला. पाच शतकं ऑटोमन अंमलाखाली काढलेल्या देशाला, आपल्या राज्याचे संस्थापक तुर्कांचे दूरचे भाईबंद होते हे ऐकणं गोड वाटेना. पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि तुर्कस्तानच्या बाजूला असताना रशियापासून वेगळेपण दाखवायला बिगर-स्लाव पूर्वज उपयोगी पडले. १९४४ नंतर मॉस्कोच्या छायेत स्लावांवर भर आला आणि बल्गार मूठभर ठरले. १९८०च्या दशकात तोदोर झिवकोवच्या कम्युनिस्ट सरकारने देशातल्या तुर्कांची नावं जबरदस्तीने बदलली; १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसं सीमा ओलांडून तुर्कस्तानात गेली. त्याच सुमारास आणि त्यानंतर बल्गार पामीर-बाल्खकडचे, इराणी वंशाचे, हा सिद्धांत देशात लोकप्रिय झाला. भाषेचा पुरावा त्याला साथ देत नाही. पण तुर्की नसलेले पूर्वज हवे असणाऱ्यांना तो भावला.

जनुकशास्त्रानेही निर्णायक उत्तर दिलेलं नाही. २०१३ साली ८०८ बल्गेरियन पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्य आशियातल्या तुर्की समाजांत ठळकपणे आढळणाऱ्या सी, एन आणि क्यू या गटांचा वाटा त्यात जेमतेम दीड टक्का निघाला. पण आजच्या माणसाचं रक्त तपासून अस्पारुखच्या घोडेस्वारांचं रक्त कळत नाही. त्यावरून एवढंच दिसतं, की डॅन्यूबकाठी आलेले बल्गार संख्येने थोडे असावेत आणि इथल्या लोकांत विरघळून गेले.

हे विरघळणं कसं घडलं हे बोरिसच्या काळात दिसतं. बाप्तिस्म्याविरुद्ध जुन्या घराण्यांनी बंड केलं. बोरिसने ते मोडलं आणि ५२ सरदारांना ठार केलं. वीस वर्षांनी, ८८६ मध्ये, सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रचारकांचे शिष्य मोराव्हियातून हाकलले गेले तेव्हा बोरिसने त्यांना आश्रय दिला, आणि त्यांनी स्लाव भाषेत ग्रंथ आणि प्रार्थना रुजवल्या. दरबार, देऊळ आणि बाजार एकच भाषा बोलू लागले. ओगुर बोलीतले मोजके शब्द मागे राहिले; ‘बिसेर’ म्हणजे मोती, ‘बेलेग’ म्हणजे खूण. नाव मात्र राजाचं होतं, म्हणून ते साऱ्या रयतेला लागलं. व्होल्गाकाठी उलट झालं. १२३६ मध्ये मंगोलांनी ते राज्य बुडवलं, वारसा सांगणारे तातार झाले, आणि शेजारच्या चुवाशांकडे जुनी भाषा राहिली.

आज सोफियातलं पोर तीन मोजताना ‘त्री’ म्हणतं, आणि त्याच्या देशाचं नाव बल्गेरिया. चेबोक्सारीतलं चुवाश पोर ‘विश्शे’ म्हणतं. २०१०च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे दहा लाखांच्या आसपास होते.